हरताळ, खळ आणि मुलांचे रंग

पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखक त्यावर पिवळा लेप देई आणि तो वाळला की वर नवे अक्षर काढी. तो लेप हरताळाचा. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. पण हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग, हे सहसा ध्यानात येत नाही. त्याच्या शेजारी लाल अक्षरांसाठी हिंगूळ असे, तो पाऱ्याचा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात समर्थांनी लेखनसाहित्यात हिंगुळाचा समावेश केला आहे. शेंदूर शिशापासून करीत. म्हणजे जुन्या रंगपेटीतले पिवळा, लाल आणि शेंदरी हे उठावदार रंग विषारीच होते.

हे मला पोथ्या हाताळता हाताळता कळले. तरी घरी चूक व्हायची ती होतच होती. नात्यातली चार वर्षांची मुलगी चित्रे चिकटवायला बसली, म्हणून मी आमच्या जुन्या पद्धतीने मैद्याची खळ शिजवली. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचा, हे लहानपणापासून पाहिलेले. चिमूट हातात असतानाच तिने खळीचे बोट तोंडात घातले. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. पोटात गेला तर उलट्या आणि त्याहून वाईट. पुस्तकबांधणीची कृती मी न तपासता मुलांची कृती मानली होती.

‘घरगुती’ आणि ‘निर्धोक’ यांतला फरक इथे आहे. बोरू-दौतीची परंपरा टिकाऊपणासाठी विष वापरी. अंगणाची परंपरा वेगळी. वारली चित्रातला पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा. पिवळा स्वयंपाकघरातल्या हळदीचा. हे रंग फिकट होतात, उडतात, मुंग्या खातात. म्हणून संग्रहालयात त्यांना जागा कमी आणि इतिहासात उल्लेख त्याहून कमी. पण मुलांच्या उपयोगाचे तेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली, तेव्हा महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, माती असे परिसरातलेच साहित्य वापरले. गरिबीतून आलेली ती युक्ती शिक्षणाचा विचार ठरली.

शिशाचा प्रश्न मात्र पोथ्यांबरोबर संपला नाही. घरगुती वापराच्या रंगांत शिसे 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे 2016 साली आला. हळदीला पिवळी चकाकी आणण्यासाठी लेड क्रोमेटची भेसळ होते, हेही उघड झाले आहे. तेव्हा हळदही खात्रीचीच हवी.

माझी सुधारलेली कृती अशी : एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात कालवून तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतावा आणि खळ पारदर्शक होईपर्यंत ढवळावी. कच्चे पीठ मुलांच्या हाती देऊ नये. निवल्यावर वाट्यांत भाग करून एकात हळद, एकात बिटाचा रस, एकात पालकाचा. हळदीच्या वाटीत चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की पिवळ्याचा तांबूस होतो. कुंकू करताना हेच काम चुना करतो. पण चुना डोळ्यांना घातक, म्हणून तो नको. फ्रिजमध्ये ठेवूनही दोन-तीन दिवसांत खळ आंबते. आंबली की टाकून द्यावी. ती आंबते, कारण तिच्यात मोरचूद नाही.

मुलांचे चित्र वर्षभरात फिके पडते. पोथीतला हरताळ मात्र अजून पिवळाजर्द आहे.