अश्लील कशाला म्हणायचे? बाबासाहेबांनी लढलेला एक खटला



महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार आपल्या घरातल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. पण १९३४ साली मुंबईच्या कोर्टात परमपूज्य बाबासाहेबांनी लढलेला एक खटला आपण फारसा सांगत नाही. कारण विषय चारचौघांत बोलायचा नाही, असे आपण धरून चालतो.

खटला होता र. धों. कर्वे यांच्यावर. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या विचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली, पण माणूस हटला नाही. जुलै १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, कारण शरीर ही लाजायची वस्तू नाही असे त्यांचे मत होते. आत गुप्तरोग, संततिनियमन यांची सरळ भाषेत माहिती. सनातनी मंडळी चवताळली. १९३१ साली अश्लीलतेबद्दल १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला, तोही वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून.

आता बाबासाहेब उभे राहिले. गोलमेज परिषदा गाजवून आलेल्या बॅरिस्टराला असले बदनाम वकीलपत्र घेऊन काय मिळणार होते? पण त्यांचे म्हणणे साधे होते. मासिकच या विषयाचे आहे, मग लोक हेच विचारणार. प्रश्न कुणाला विकृत वाटला तरी विकृती ज्ञानानेच जाईल, तोंड दाबून नव्हे. कोर्टाने ते मानले नाही. २०० रुपये दंड झाला.

समाज एवढा का चिडतो? उत्तर बाबासाहेबांच्याच १९१६ च्या, जातिसंस्थेवरच्या निबंधात सापडते. जातीबाहेर लग्न होऊ दिले नाही तरच जात टिकते. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह त्यासाठीच आले, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे पहारा बाईच्या देहावर. आणि पहारा ठेवायचा तर बाईला स्वतःच्या शरीराची माहिती नसलेलीच बरी! लाज हे त्या पहाऱ्याचे कुलूप आहे.

ही लाजसुद्धा जात बघून वाटली गेली. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना वरच्या जातीच्या बायकांसारखी छाती झाकायला बंदी होती. त्यासाठी त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले, तेव्हा कुठे १८५९ साली संस्थानाने परवानगी दिली. एकीकडे नग्न चित्र अश्लील, दुसरीकडे गरीब बाईने अंग झाकले तर गुन्हा. मग प्रश्न नग्नतेचा होता की मालकीचा?

बाबासाहेब कोर्टापाशी थांबले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मूल कुणी मागितलेच नसते, असे त्या भाषणात बजावले होते. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. पुढे १९५२ साली भारत सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला!

आपण विहारात तिसरे शील घेतो. ते व्यभिचारापासून दूर राहा म्हणते. शरीराविषयी अडाणी राहा म्हणत नाही. उलट स्वतःच्या कायेकडे उघड्या डोळ्यांनी पाहा, ही तथागतांची शिकवण आहे.

तरी आजही पाळी आली की पोरगी कोपऱ्यात कुजबुजते. लहान लेकरावर कुणी वाईट हात टाकला तर त्याला सांगायला शब्द नसतात, कारण आपण ते दिलेलेच नाहीत. बालकांच्या संरक्षणाचा पोक्सो कायदा २०१२ साली झाला. पण कायद्यापर्यंत जायला आधी लेकराचे तोंड उघडावे लागते. ते काम आईबापाचे आहे. बाबासाहेब भर कोर्टात बोलले. आपण निदान आपल्या घरात तरी बोलू या.

जयभीम!