डॅशकॅम : मोटारीतील मूक साक्षीदार

ठाण्याहून कळवा-विटावामार्गे नवी मुंबईत शिरताना प्रथम लागतो तो दिघा. ट्रान्स ठाणे क्रीक (टीटीसी) औद्योगिक वसाहतीच्या उत्तर टोकाला वसलेल्या या भागातून ठाणे-बेलापूर मार्ग जातो. जानेवारी २०२४ मध्ये ट्रान्स हार्बर मार्गावरील दिघा गाव स्थानक सुरू होऊन रेल्वेची सोय झाली असली, तरी मोटारीवाचून ज्यांचे चालत नाही त्यांना ट्रक, टँकर, कंपन्यांच्या बस, रिक्षा आणि दुचाकी यांच्या गर्दीतूनच वाट काढावी लागते. अशा रस्त्यावर अपघात घडला की क्षणार्धात जमाव जमतो आणि चूक कोणाची हे वस्तुस्थितीपेक्षा आवाजावर ठरू लागते. मोठ्या वाहनाचा दोष आधीच गृहीत धरला जातो. खरा दोषी पळून गेला, तर त्याचा क्रमांकही कोणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणूनच समोरच्या काचेवर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्याला, अर्थात डॅशकॅमला, महत्त्व आले आहे.

रशियात या कॅमेऱ्याचा प्रसार लवकर झाला. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कच्या आकाशात फुटलेल्या उल्केचे चित्रण जगाला पाहता आले, ते प्रामुख्याने तेथील मोटारींतील कॅमेऱ्यांमुळे. भारतात खासगी मोटारीत डॅशकॅम बसवण्याची सक्ती नाही आणि बंदीही नाही. अलीकडे काही कंपन्या तो मोटारीबरोबरच देऊ लागल्या आहेत.

निवड कशी करावी?

कॅमेरा निवडताना चित्राच्या स्पष्टतेचा विचार आधी करावा. १०८० पी हे किमान प्रमाण मानावे. १४४० पी किंवा त्याहून अधिक असल्यास वाहनांचे क्रमांक वाचणे सोपे जाते. मात्र केवळ आकड्यांवर भुलू नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांदरम्यान सुमारे अर्धा मीटर पुढे सरकते. त्यामुळे रात्री, अंधूक प्रकाशात, क्रमांक पुसट होतात. दुकानात दाखवली जाणारी दिवसाची दृश्ये न पाहता त्या मॉडेलचे रात्रीचे व पावसातील चित्रण पाहावे. दृष्टिकोन १३० ते १५० अंशांचा पुरेसा असतो. त्याहून रुंद भिंगात कडेच्या वस्तू लहान व वाकड्या दिसतात.

उष्णता हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेजवळचे तापमान लिथियम बॅटरी फुगण्याइतके वाढू शकते. म्हणून बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घेणे हितावह. मागून धडकणाऱ्या वाहनांचा त्रास जाणवत असेल, तर पुढे व मागे असे दोन कॅमेरे असलेला संच घ्यावा. जीपीएस असल्यास वेग व ठिकाण नोंदले जाते. पण ही नोंद मालकाच्या विरुद्धही जाऊ शकते, याचे भान ठेवावे.

मेमरी कार्ड हा सर्वांत दुर्लक्षित भाग. १०८० पी चित्रणाला मिनिटाला साधारण १०० एमबी, म्हणजे तासाला सुमारे ६ जीबी जागा लागते. ६४ जीबीच्या कार्डावर सुमारे दहा तासांचे चित्रण मावते. त्यानंतर जुन्यावर नवे चित्रण चढत जाते. सततच्या या पुनर्लेखनाने साधे कार्ड लवकर निकामी होते. त्यामुळे ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचेच कार्ड घ्यावे आणि चित्रण खरोखर होत आहे ना, हे महिन्यातून एकदा तपासावे.

बसवताना आणि वापरताना

कॅमेऱ्याची जागा आरशामागे, वायपर फिरतो त्या पट्ट्यात असावी. अन्यथा पावसाळ्यात पाण्याच्या थेंबांखेरीज काही दिसत नाही. चालकाच्या दृष्टीआड काही येता कामा नये. बाजूच्या खांबातून वायर नेताना ती पडदा-एअरबॅगच्या पुढून कधीही नेऊ नये. मोटार उभी असतानाही चित्रण हवे असल्यास फ्यूजबॉक्समधून जोडणी लागते. बॅटरीचा दाब घसरताच कॅमेरा बंद करणारा संच त्यासाठी वापरावा आणि वॉरंटीला बाध येणार नाही, याची खात्री आधी करून घ्यावी.

धक्का बसताच जी-सेन्सर ती फाइल पुसली जाऊ नये म्हणून राखून ठेवतो. त्याची संवेदनशीलता फार वाढवली, तर प्रत्येक खड्ड्यागणिक फाइली राखल्या जाऊन कार्ड भरते. फार कमी ठेवली, तर खरी धडक निसटते. घड्याळाची वेळ चुकीची असल्यास पुढे चित्रणावरच शंका घेतली जाते, म्हणून तीही पडताळून पाहावी. मोटारीतील संभाषणही ध्वनिमुद्रित होत असल्याने नको असल्यास मायक्रोफोन बंद ठेवावा व सहप्रवाशांना कॅमेऱ्याची कल्पना द्यावी.

अपघात झाल्यास

सर्वप्रथम जखमींना मदत करणे व पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. त्यानंतर कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्यावे; चालू राहिल्यास महत्त्वाचे चित्रण पुसले जाण्याचा धोका असतो. मूळ फाइल कापू नये, तिचे नाव बदलू नये. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत आक्रसलेली असते. ती मूळ फाइलची जागा घेऊ शकत नाही.

न्यायालयात अशा पुराव्याचे काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात कार्यालयीन कॅमेऱ्यातील चित्रणाचा प्रश्न होता. मूळ उपकरण हजर केले नाही आणि प्रत सादर केली, तर प्रमाणपत्र आवश्यक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे. त्यात फाइलची संगणकीय ओळखखूण, म्हणजे ‘हॅश व्हॅल्यू’, नमूद करावी लागते आणि तज्ज्ञाचीही स्वाक्षरी लागते. म्हणून मूळ कार्ड जपून ठेवणे अगत्याचे.

पळून गेलेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर कलम १६१ नुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये एवढीच ठरावीक भरपाई मिळते. तेच वाहन ओळखता आले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मृताचे वय, उत्पन्न व त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे विचारात घेऊन भरपाई मागता येते. एका वाचता येणाऱ्या क्रमांकाने एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यात एवढा फरक पडू शकतो; आणि ते कुटुंब मोटारमालकाचेच असेल असे नाही, रस्त्याने चालणाऱ्या अनोळखी माणसाचेही असू शकते.

डॅशकॅम अपघात टाळत नाही आणि मालकाची बाजूही घेत नाही. जे घडले तेवढेच तो सांगतो. स्वतःची चूक असेल तर तीही सांगतो, हे ठाऊक असलेला चालक आपसूकच जपून गाडी हाकतो. हाही त्याचा एक उपयोग म्हणता येईल.