झाडपाल्याचं विषही विषच

‘झाडपाल्याचं औषध ते, व्हाळात गेलं म्हणून काय बिघडतं?’ गोव्यात पेडणे-डिचोलीकडे सेंद्रिय शेतीची बाजू मांडताना हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन उन्हात काही दिवसांत विघटित होतं. एंडोसल्फानसारखं मातीत ठाण मांडून बसत नाही. हे मान्य. पण माशाला मारायला विष टिकाऊ असावं लागत नाही, एक रात्र पुरते.

आणि हे आपल्या लोकांना पूर्वापार ठाऊक आहे. कोंडीत गेळफळं चेचून टाकली, रामेठ्याची साल कुटून घातली, की मासे उलटे होऊन वर येतात. मत्स्यशेतीत तर ही रीतसर शिफारस आहे: बीज सोडण्याआधी मरळीसारखे भक्षक मासे मारायला मोहाची पेंड, मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी सुमारे 2,500 किलो. तिच्यातलं सॅपोनिन कल्ल्यांना इजा करतं, तांबड्या रक्तपेशी फोडतं. दोन-तीन आठवड्यांत विष ओसरतं आणि पेंडीचं खत होतं. विघटनशील खरीच, पण मासे मेल्यावर!

‘आम्ही निंबाचा पाला चावतो, आम्हांला कुठे काय होतं?’ हा दाखला इथे लागूच पडत नाही. आपल्या पोटात गेलेलं बरंचसं यकृत निस्तरतं. मासा तेच पाणी कल्ल्यांतून अखंड खेळवतो आणि विष थेट रक्तात उतरतं. डेरिस वेलीच्या मुळांतलं रोटेनोन लिटरमागे मिलिग्रॅमचा दशांश असलं तरी माशाच्या पेशींतली ऊर्जानिर्मिती थांबवतं. सीताफळातली ॲसिटोजेनिनं नेमकी त्याच जागी घाव घालतात. कीटकनाशक म्हणून आपण करतो त्या दशपर्णी अर्काच्या पिंपात सीताफळाचा पाला, करंज, कण्हेर, धोतरा असे सगळे महिनाभर एकत्र मुरत असतात.

‘पाण्यात ते पातळ होतं’ हेही अर्धसत्य. शापोरा नदीत होईल, घोटाभर पाण्याच्या व्हाळात फवारणीचा पंप विसळला तर नाही. शिवाय निंबाचा अर्क किड्यांची कात अडवतो, म्हणजे माशांचं खाद्य असलेल्या पाणकिड्यांचीही.

म्हणून रासायनिक फवारा, असं मी म्हणत नाही; सायपरमेथ्रिन माशांना याहून कितीतरी घातक. पंप मेरेच्या आत, शेतातच धुवावा. आणि मृगाच्या पहिल्या सरींना चढणीचे मासे अंडी घालायला भातशेतांत शिरतात, तेवढे दिवस तरी दशपर्णीचं पिंप झाकलेलं राहू द्यावं.