पुनर्विकासाच्या संमतीआधी जमीन तपासा : शहरातील माती आणि भूजल प्रदूषणाच्या तपासणीची ओळख

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत आज क्वचितच एखादी जुनी वस्ती असेल जिथे पुनर्विकासाची बैठक झालेली नाही. चाळीच्या चौकात, विहाराच्या सभागृहात, सोसायटीच्या गच्चीवर लोक जमतात आणि तेच प्रश्न विचारतात. घर किती चौरस फुटांचे? भाडे किती महिने मिळणार? कॉर्पस किती? हे प्रश्न रास्तच आहेत. पण या जमिनीखाली काय आहे, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही. आमच्या मते हा प्रश्न संमतीपत्रावर सही करण्याआधीच विचारायला हवा. तो कसा विचारायचा आणि त्याचे उत्तर कसे मिळवायचे, याची माहिती युवक आणि कार्यकर्त्यांच्या हाती असावी म्हणून हा लेख.

जमीन मैली कशी होते?

शहरातील जमिनीचा वापर पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातो. आज जिथे झोपड्या किंवा चाळी आहेत, तिथे पूर्वी कारखाना, रंगकाम, गॅरेज, पेट्रोल पंप, भंगारची गोदामे, बॅटरी गाळण्याच्या भट्ट्या किंवा कचऱ्याचा भराव असू शकतो. प्रत्येक धंद्याची खूण वेगळी असते. बॅटरी आणि जुन्या रंगातून शिसे उतरते. चामडे कमावण्याच्या आणि धातूला मुलामा देण्याच्या कामातून क्रोमियम येते. पेट्रोल-डिझेलच्या जमिनीखालच्या टाक्या गळल्या की बेन्झीन मातीत मुरते. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी असू शकते. दगडी कोळशापासून गॅस बनवण्याच्या जागी डांबर आणि सायनाइड सापडते. जुने पत्रे आणि पाइप फोडले तर अॅस्बेस्टॉसचे तंतू धुळीत मिसळतात.

धोका ठरवताना तज्ज्ञ तीन गोष्टी पाहतात : विषाचा स्रोत, त्याचा मार्ग आणि ज्याच्यापर्यंत ते पोहोचते तो माणूस. तिन्ही जोडले गेले तरच अपाय होतो. मार्ग मात्र अनेक असतात. अंगणात खेळणाऱ्या मुलाचे मातीने माखलेले हात तोंडात जातात. बोअरवेलचे पाणी स्वयंपाकाला वापरले जाते. बेन्झीनसारख्या द्रवांची वाफ जमिनीतून वर येते आणि फरशीच्या भेगांतून तळमजल्याच्या खोलीत साठते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलावर तरंगते. धातू आणि कपडे स्वच्छ करण्याची क्लोरीनयुक्त द्रावणे पाण्यापेक्षा जड असतात, ती थेट खाली बुडतात. म्हणून वरची वीतभर माती तपासून भागत नाही.

तीन ठिकाणांचे धडे

अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट खोदलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात एका रासायनिक कंपनीने त्यात सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ मध्ये ती जमीन एक डॉलरला शाळा मंडळाला विकली. तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरे झाली. पुढे तळघरांत रसायने झिरपू लागली. लोइस गिब्स या गृहिणीने शेजाऱ्यांना सोबत घेऊन घरोघरी आजारांची नोंद केली आणि ती नकाशावर मांडली. बुजलेल्या जुन्या ओढ्यांच्या वाटेवर आजार जास्त दिसत होते. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर होऊन कुटुंबे हलवावी लागली. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेत प्रदूषित जमिनी साफ करण्याचा 'सुपरफंड' कायदा झाला, त्यामागे या लढ्याचा मोठा वाटा आहे.

जपानची राजधानी टोकियो येथे त्सुकिजीचा मासळी बाजार तोयोसू येथे हलवायचा होता. ती जागा जुन्या गॅस कारखान्याची होती. २००८ च्या तपासणीत काही ठिकाणी मातीत ठरलेल्या मर्यादेच्या ४३ हजार पट बेन्झीन आढळले. माती काढणे, स्वच्छ भराव घालणे आणि भूजल शुद्ध करणे यावर सुमारे ८६ अब्ज येन खर्च झाले. बाजार नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू होणार होता, पण ऑगस्टअखेर राज्यपाल युरिको कोइके यांनी स्थलांतर पुढे ढकलले. त्यानंतर कळले की मुख्य इमारतींखाली स्वच्छ मातीचा भराव घातलेलाच नव्हता, तिथे पोकळी ठेवली होती. जानेवारी २०१७ मध्ये एका विहिरीच्या नमुन्यात मर्यादेच्या ७९ पट बेन्झीन निघाले. जास्तीची कामे करून बाजार अखेर ११ ऑक्टोबर २०१८ रोजी उघडला. कागदावर 'साफ केले' असे लिहिले म्हणून काम झाले असे होत नाही, हा यातला धडा.

तिसरे ठिकाण आपल्या देशातले, भोपाळ. १९८४ ची वायुदुर्घटना सर्वांना माहीत आहे. पण कारखान्याच्या आवारात आणि बाहेरच्या तळ्यांत टाकलेल्या कचऱ्याने आसपासच्या वस्त्यांचे भूजल बिघडवले, ही वेगळी आणि संथ दुर्घटना आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. साठवून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवला गेला, म्हणजे दुर्घटनेनंतर ४० वर्षांनी. मातीत आणि पाण्यात मुरलेल्या विषाचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

कचराभूमीवर घरे

मुंबईत देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची आहे. तिच्यातील सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. कचरा कुजताना मिथेन वायू तयार होतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी भूजलात जाते. मालाडला बंद कचराभूमीवर उभ्या राहिलेल्या व्यापारी संकुलात संगणक आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे वारंवार बिघडू लागली आणि त्याचे कारण जमिनीतून येणाऱ्या वायूंमध्ये शोधले गेले. कार्यालयातला माणूस संध्याकाळी घरी जातो. घरातले मूल आणि म्हातारी माणसे चोवीस तास तिथेच असतात. म्हणून निवासी वापरासाठी तपासणी अधिक कडक हवी.

तपासणीचे टप्पे

पहिला टप्पा कागदपत्रांचा. यात एकही खड्डा खणत नाहीत. मिळकत पत्रिका, सिटी सर्व्हेचे जुने नकाशे, कारखाना परवाने, ज्वालाग्राही पदार्थ साठवण्याचे परवाने, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रे, अग्निशमन दलाच्या नोंदी आणि उपग्रहाची जुनी छायाचित्रे पाहून जागेचा इतिहास लिहितात. मग जागेवर फिरून डाग, वास, बुजवलेल्या टाक्या आणि न उगवणारे गवत यांची नोंद करतात. शेजारच्या भूखंडांचाही इतिहास पाहावा लागतो, कारण भूजल कुंपण मानत नाही.

या टप्प्यात युवकांचे काम सर्वांत मोलाचे आहे. वस्तीतील निवृत्त कामगार, सफाई कर्मचारी, जुन्या गॅरेजचे मेकॅनिक यांना भेटा. टाकी कुठे होती, रंगाचे पाणी कुठे सोडत, खड्डा कशाने भरला, हे त्यांना आठवत असते. तारीख घालून लिहून घ्या आणि नकाशावर खूण करा. सरकारी दप्तरात नसलेली माहिती अशा आठवणींत सापडते.

दुसरा टप्पा नमुन्यांचा. पहिल्या टप्प्यात संशय आला तिथे यंत्राने भोके पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती घेतात. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे कळण्यासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाण्याची पातळी बदलते, म्हणून दोन्ही वेळा तपासणे चांगले. वाफेचा संशय असेल तर मातीतील वायूचेही नमुने घेतात. तुलनेसाठी स्वच्छ जागेचा एक नमुना असावा.

तिसरा टप्पा सफाईचा. माती खणून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात नेणे, वाफ शोषून काढणे, जंतूंच्या मदतीने तेल नष्ट करणे, भूजल उपसून शुद्ध करणे किंवा वर अभेद्य थर घालणे असे उपाय आहेत. थर घातला तर विष जागेवरच राहते. मग त्या थराची देखरेख पुढे कोण करणार, हे लेखी हवे.

अहवाल वाचताना

'पाणी तपासले आहे' या वाक्यावर थांबू नका. सोसायट्या नेहमी करतात त्या चाचणीत क्षार, कठीणपणा आणि जंतू पाहतात. त्यात शिसे, क्रोमियम किंवा बेन्झीन नसते. पाणी उकळल्याने धातू जात नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम यापेक्षा जास्त नसावा.

अहवालात पुढील गोष्टी शोधा :

- नमुने कुठून आणि किती खोलीवरून घेतले, याचा नकाशा आहे का?
- अनेक ठिकाणची माती एकत्र मिसळून एकच नमुना केला आहे का? तसे केल्याने एका जागचे तीव्र प्रदूषण आकड्यात पातळ होते.
- प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे का, आणि ती त्या विशिष्ट चाचणीसाठी आहे का?
- नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो कोणाकडे होता, याची नोंद आहे का?
- तुलना निवासी वापराच्या मर्यादेशी केली आहे की औद्योगिक?
- खोदकामात निघणारी माती कुठे जाणार? आपली जागा साफ करताना तीच माती दुसऱ्या वस्तीच्या भरावात जाऊ नये.
- तळघरासाठी पाणी उपसले तर शेजारच्या भूखंडाचे मैले पाणी ओढले जाईल का?

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित स्थळांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने करावी, त्यानंतर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढील तीन महिन्यांत सविस्तर तपासणी व्हावी, आणि ज्याने प्रदूषण केले त्याच्याकडून खर्च वसूल व्हावा, ही त्यांची दिशा आहे. कचराभूमीतील घनकचरा, खाणी आणि किरणोत्सारी कचरा यांना वेगळे कायदे असल्याने ते या नियमांतून वगळले आहेत. त्यामुळे देवनारसारख्या जागेसाठी घनकचऱ्याच्या नियमांचा आधार घ्यावा लागेल.

२० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. तिची कागदपत्रे परिवेश पोर्टलवर पाहता येतात. माहिती अधिकारात अर्ज केल्यास ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. तिथे जाताना मुदत सांभाळा : वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून साधारण सहा महिने.

सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी ७९ (अ) खालील निर्देश आहेत. त्यात प्रकल्पाचा व्यवहार्यता अहवाल आधी तयार करावा लागतो. जागेचा इतिहास आणि माती-पाण्याची तपासणी या अहवालाचा भाग असावी, असा ठराव सभेत मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या. झोपडपट्टी पुनर्वसनात हीच मागणी लेखी स्वरूपात प्राधिकरणाकडे द्या आणि पोच घ्या.

इतकेच करा, पण आधी करा

तपासणी मागितली की 'तुम्ही प्रकल्प अडवता' असे ऐकावे लागेल. घर सर्वांनाच हवे आहे, ५० वर्षे गळक्या छपराखाली काढलेल्या आईला तर ते उद्याच हवे आहे. म्हणूनच आमचा आग्रह वेळेचा आहे. इमारत पाडण्याआधी तपासणीला काही आठवडे लागतात. इमारत उभी राहून लोक राहायला गेल्यावर माती बदलता येत नाही, माणसे हलवावी लागतात. पुढच्या बैठकीत भाडे आणि कॉर्पसच्या शेजारी तिसरा प्रश्न लिहा : या जमिनीवर पूर्वी काय होते? उत्तर लेखी मिळेपर्यंत संमतीपत्र हातातच ठेवा.