अजागळ आणि जमनापारी

वेंधळ्या, गबाळ्या माणसाला आपण 'अजागळ' म्हणतो. या शब्दात शेळी दडलेली आहे. अजा म्हणजे शेळी, गल म्हणजे गळा. काही शेळ्यांच्या गळ्याखाली दोन मांसल लोंब्या असतात. दिसायला त्या सडासारख्या, पण दुधाचा थेंब नाही. संस्कृतात त्यांना 'अजागलस्तन' म्हणत आणि निरुपयोगी वस्तूला त्यांची उपमा देत. मराठीने त्यातला 'स्तन' गाळला आणि उरलेला शब्द माणसाला चिकटवला. अजगरही याच घरातला: अज गिळणारा तो अजगर.

'शेळी' मात्र अजेपासून आलेली नाही. तिचे मूळ प्राकृत 'छेली'त आहे. आरंभीच्या छ-चा मराठीत स किंवा श होतो. छुरिकेची सुरी झाली, छगणाचे शेण झाले, तशीच छेलीची शेळी. 'बकरी'च्या मागे संस्कृत 'बर्कर' उभा आहे. घरात दोन्ही शब्द नांदतात, पण 'गरिबाची गाय' हा मान शेळीचाच.

जातींच्या नावांत तर नुसता इतिहास नाही, पत्ता आहे. घरच्या दुधासाठी दोन-तीन शेळ्या पाळू पाहणाऱ्याने तो पत्ता नीट वाचावा, असे मला मनापासून वाटते. जमनापारी म्हणजे यमुनेपलीकडची. तिचे माहेर उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यातल्या चकरनगरकडे, यमुना आणि चंबळ यांच्यामधल्या झुडपाळ घळींत. उंच अंग, बाकदार नाक, लोंबते लांब कान. बाजारात नजर तिच्यावरच खिळते, आणि दूधही चांगले. पण झुडपांचा पाला ओरबाडत हिंडणे हा तिचा स्वभाव आहे. चार हात दाव्याला बांधून ती सुखी राहत नाही. तिच्या उलट बारबरी. हे नाव सोमालियातल्या बर्बेरा बंदरावरून आले असे मानतात. ठेंगणी, उभ्या कानांची ही शेळी गोठ्यातल्या चाऱ्यावर राहते, म्हणून उत्तरेत शहरांतूनही ती पाळली जाते. सुरती नावाप्रमाणे सुरतेकडची, दुधाला नावाजलेली.

सानेन हे स्वित्झर्लंडमधल्या एका खोऱ्याचे नाव. तिथली पांढरी शेळी दिवसाला तीन-चार लिटर दूध देते, हे ऐकून अनेकांना मोह होतो. पण ते दूध थंड हवेचे आणि हिरव्या कुरणांचे आहे. मराठवाड्याच्या उन्हात तिचे गोरे कातडे भाजते.

आपल्याकडची उस्मानाबादी बहुतेक काळी, काटक, जुळी करडे देण्याबद्दल प्रसिद्ध. गावाला हे नाव निजाम उस्मान अली खान यांच्यावरून पडले. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे पुन्हा धाराशिव झाले, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. नावाजली ती मटणासाठी. दूध साधारण अर्धा ते एक लिटर. संगमनेरी दूध आणि मटण दोन्हींसाठी पाळतात. बेरारी विदर्भाची. कोकण कन्याळ सिंधुदुर्गाची, तिथल्या पावसात टिकणारी. तो पाऊस कोरड्या मुलखातून आणलेल्या शेळीला सोसत नाही.

माझे मत सांगतो. कोरड्या भागात, चराईची सोय असेल तर संगमनेरी घ्यावी. चारा आणून घालायचा असेल तर बारबरी किंवा सुरती. कोकणात कन्याळच. 'जमनापारी' हे नाव दलाल लांब कानांच्या कुठल्याही शेळीला लावतो, तेव्हा नुसत्या नावावर पैसे मोजू नयेत. गळ्यातल्या लोंब्यांचा दुधाशी संबंध नाही, कास पाहावी. ती मऊ असावी, पिळल्यावर आकसावी, दोन्ही सड सारखे असावेत. शेळी कितव्या वेताची आहे आणि तिच्या आईला दूध किती होते, हे विचारावे. आणि मालकाला सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा आपल्यासमोर धार काढायला सांगावी.