तळटीप : गडचिरोलीचे ‘३८.७ टक्के आदिवासी मतदार’

मूळ लेखात ‘३८.७ टक्के आदिवासी मतदार’ असे छापले आहे. हा आकडा मतदारांचा नाही, २०११च्या जनगणनेतील जिल्ह्याच्या एकूण लोकसंख्येचा आहे. त्यात पाळण्यातली मुलेही आली. मतदार यादीत वय, लिंग, पत्ता असतो. जात-जमातीचा रकानाच नसतो. त्यामुळे मतदारांतला आदिवासींचा वाटा अंदाजानेच काढावा लागतो. फरक किरकोळ आहे, असे कोणी म्हणेल. पण देशभरात सहा वर्षांखालील मुलांचे प्रमाण आदिवासींत सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळते. इथेही तसेच असेल, तर मतदारांतला वाटा ३८.७हून काहीसा कमीच भरेल.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की निम्म्याहून कमी आदिवासी असताना आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या तिन्ही विधानसभा जागा राखीव कशा? कारण हिशोब जिल्ह्याचा नसतो. राज्यातील २८८ पैकी २५ जागा राज्याच्या आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात ठरल्या आणि जिथे ते प्रमाण सर्वाधिक, तिथे त्या ठेवल्या गेल्या. शेजारच्या चंद्रपुरात प्रमाण १७.७ टक्के, म्हणून तिथले चित्र वेगळे. शिवाय राखीव असतो तो उमेदवार, मतदार नव्हे : सिरोंच्याचे तेलुगू भाषक, मुलचेऱ्याचे बंगाली विस्थापित आणि भामरागडचे माडिया एकाच अहेरी मतदारसंघात मत देतात. ‘आदिवासी’ या एका शब्दाखाली गोंड, माडिया, परधान, हलबी असे सारेच मोजले जातात, हेही लेखकाने नोंदवायला हवे होते.