रेसिंग व्हीलच्या पेडलला घरच्या घरी लोड सेल कसा बसवायचा?

तुमच्याकडे लॉजिटेकचा जी२९ किंवा जी९२० सेट असेल, तर ब्रेकबद्दल तुमची तक्रार असणारच. अर्धा दाबला की तो एकदम कडक होतो आणि पुढे कितीही जोर लावला तरी गेममध्ये पूर्ण ब्रेक लागत नाही. याचं कारण म्हणजे ब्रेकच्या स्प्रिंगच्या आत बसवलेला रबरी ठोकळा.

काहीजण हा रबर सरळ काढून टाकतात. ब्रेक हलका होतो खरा, पण मग तो ॲक्सिलरेटरसारखाच वाटायला लागतो. त्याऐवजी मऊ रबर किंवा वेगळी स्प्रिंग बसवणं बरं. आणि काहीही उघडण्याआधी एक करून बघा: यूएसबी जोडल्यावर प्रत्येक पेडल एकदा शेवटपर्यंत दाबा. पेडलची रेंज त्यावरूनच ठरते. अनेकांचा प्रॉब्लेम इथेच सुटतो.

पाय स्थिर असूनही स्क्रीनवर ब्रेकची पट्टी थरथरतेय? मग पेडलमधल्या पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ गेली आहे. केबल काढा, फटीत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पेडल वीस-तीस वेळा दाबा आणि नीट वाळू द्या. घरातलं गंजाचं तेलकट स्प्रे वापरू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

आता मुख्य काम. पोटेन्शिओमीटर मोजतो ते पेडल किती सरकलं. लोड सेल मोजतो पाय किती जोरात दाबतोय. खऱ्या गाडीतही ब्रेक जोरावरच चालतो आणि पायाला अंतरापेक्षा जोर जास्त चांगला लक्षात राहतो. म्हणून प्रत्येक वळणावर ब्रेक सारखा लागायला लागतो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात असतो तोच हा सेन्सर. त्याचा सिग्नल फार बारीक असतो, म्हणून मध्ये एचएक्स७११ हा छोटा बोर्ड लागतो आणि त्यापुढे अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. हेच दोन सांगतोय कारण त्यांच्यावरची एटीमेगा३२यू४ चिप पीसीला थेट जॉयस्टिक म्हणून दिसते. साध्या अर्डुइनो उनोने ते सहज जमत नाही.

इथे बरेचजण फसतात. स्वस्त एचएक्स७११ बोर्ड सहसा सेकंदाला १० वेळाच रीडिंग देतात. ताशी २०० किमी वेगात दोन रीडिंगच्या मध्ये गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते! चिपची १५ नंबरची रेट पिन ग्राउंडपासून सोडवून व्हीसीसीला जोडली की हा आकडा ८० होतो. पिन नाजूक असते, सोल्डरिंगला हात बसला नसेल तर मोबाइल रिपेअरवाल्याकडून करून घ्या.

लोड सेल बसला की दुसरं संकट येतं: ब्रेक मारला की चाकांची खुर्चीच मागे पळते. खुर्चीची चाकं जुन्या बुटांत ठेवा. हसू नका, खरंच चालतं. पेडलचा बेसही फळीला स्क्रूने पक्का करा, नाहीतर प्लास्टिक वाकून तडा जाऊ शकतो.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. पेडल उघडलं की वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. आणि अर्डुइनोचं वेगळं पेडल पीसीवरच चालेल. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स त्याला ओळखणार नाहीत. तुम्ही कन्सोलवर खेळत असाल, तर रबर बदलून थांबा.